बिनझाकणाची बाटली

“कबुताच्या माडावरची नीरा म्हणे रात्री तो सगळी…”

पाण्याच्या नळावर बायका एवढंच बोलल्या आणि कबुताला पाहून गप्प झाल्या. ‘तो’ म्हणजे कोण, हे त्याने विचारलं नाही. कंदील जरा इकडे सरकवा, पोरांनो. कबुता आमच्या कुंपणापलीकडचा, म्हणून मला हे सगळं ठाऊक.

बायको आओम तापाने पडलेली, अंगावरचं दूध आटलेलं. पाच महिन्यांची रुई नीरेवर जगत होती. माड दोन, नीरा गोळा करायला रात्री वर टांगायच्या बाटल्या दोन. आठवडाभर पहाटे एक बाटली भरलेली असायची, दुसरी कोरडी ठणठणीत. पोरगी दिवसभर किरकिरायची.

कबुताने मेहुण्याला हटकलं. मरेको हसला. “दाजी, मी प्यालो असतो तर दोन्ही रिकाम्या सापडल्या असत्या.”

रिकामी व्हायची ती बाटली कबुताची नव्हतीच. डुकरांसाठी खोपटं बांधताना खड्ड्यात सापडलेली, सैनिकाची. तोंडाशी तुटकी साखळी, झाकण नाही. शेजारी हाडं. आमच्या तरावा बेटावर कुठेही फावडं मारा, महायुद्धातली ती लढाई वर येते. पण कळवलं असतं तर हाडं शोधणारे आले असते, घराखालची जमीन खणली असती, आणि आजारी बायकोला घेऊन जायचं कुठे? त्याने हाडांवर वाळू ओढली. बाटली घासूनपुसून माडावर टांगली.

मग आली वीस नोव्हेंबरची रात्र. लढाई सुरू झाली ती तारीख. भांगाचे दिवस, भरती जेमतेम चढते ते, त्या साली होते तसेच. तेव्हा भरती चढलीच नाही. होड्या खडकावर अडकल्या आणि ती परदेशी पोरं छातीभर पाण्यातून, गोळ्या खात चालत आली. बरीचशी पोचलीच नाहीत.

एक वाजता कबुता कोयता घेऊन माडाखाली बसला. अर्धा चंद्र नुकताच वर आला होता.

खडकाकडून आवाज आला.

चुबुक… चुबुक…

पाण्यातून कोणी चालत होतं. एक नाही. पुष्कळ.

पाण्यावर कोणी नव्हतं.

मग वाळू करकरली. एकच जण. माडाखाली येऊन थांबला. कबुतापासून हातभर. दिसलं काही नाही. ओल्या कातड्याचा वास तेवढा.

वर साखळी किणकिणली.

घोट. घोट…

कबुताने कोयता खाली टाकला. म्हणाला, “भाऊ… माझी पोर उपाशी आहे.”

घोट थांबला.

पहाटे तो माडावर चढला. बाटली अर्धी भरलेली होती. रुई पोटभर प्याली आणि झोपली.

दुपारी त्याने हाडांचं कळवून टाकलं. माणसं आली, खणलं, त्या पोराला उचलून नेलं. तोवर ही तिघं आमच्याच घरी राहिली. एवढ्यासाठी कशाला घाबरला होतास रे, असं मी त्याला म्हटलंसुद्धा.

नळावरच्या बायका म्हणत होत्या, सगळी पितो. सगळी नाही पीत.

पण त्या पहाटे बाटलीवर झाकण होतं. घट्ट फिरवलेलं. साखळीची तुटलेली कडी त्यालाच लोंबत होती.

उघडलं, तर आट्यांमध्ये ओली वाळू…