गुरुवारची सुनावणी

मी चुकीच्या खुर्चीत बसले होते, एवढंच.

नेब्रास्काची राजधानी लिंकन, तिथल्या कॉलेजात मी राज्यकारभाराचा विषय घेतला होता. केंद्र काय करतं, राज्य काय करतं... पुस्तकात सगळं कोरडंठाक. सर म्हणाले, "विधानभवनात जा, एखाद्या विधेयकाची जनसुनावणी ऐका." म्हणून त्या गुरुवारी बर्फ तुडवत गेले आणि पुढची रिकामी खुर्ची पकडली.

"यानंतर आपण बोलणार का?" समितीच्या अध्यक्षा थेट माझ्याकडे बघत होत्या.

"ती पुढे बोलणाऱ्याची खुर्ची आहे, म्हणजे माझी," शेजारून कुणी कुजबुजलं. वळून पाहिलं. विस्कटलेले भुरे केस, इस्त्री नसलेला कोट, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"मग तू का नाही बसलास?"

"धीर गोळा करत होतो."

"झाला?"

"नाही. पण तुझ्यापेक्षा बरा आहे."

तो उठून माईकपाशी गेला. थेरन लिंडस्ट्रॉम. प्लॅट नदीकाठी मधमाश्या पाळतो. शेजारच्या शेतात कीटकनाशकाची फवारणी झाली, कुणी सांगितलं नाही, आणि सकाळी पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा... फवारणीआधी शेजाऱ्याला कळवावं असा कायदा व्हावा, इतकंच त्याचं मागणं. बोलता बोलता त्याचा आवाज अडकला.

बाहेर आल्यावर त्यानेच कॉफी विचारली. तळमजल्यावरच्या उपाहारगृहात समोरासमोर बसलो. खिडकीबाहेर बर्फ अगदी सावकाश, झोपेत असल्यासारखं पडत होतं.

"मी आधी वॉशिंग्टनला फोन केला होता," तो म्हणाला. "ते म्हणाले, आमचं काम नाही."

"बरोबरच आहे. औषध बाजारात येऊ द्यायचं की नाही, ते केंद्र बघतं. शेजाऱ्याला सांगायचं की नाही, ते राज्य ठरवू शकतं. संविधानाने केंद्राला जे दिलं नाही, ते राज्यांकडे."

"तू सगळ्यांना असंच शिकवतेस?"

"नाही... परीक्षा आहे. घोकतेय."

"मग माझ्यासमोर घोक. मला आवडतंय."

मी कपात बघत राहिले. कान मात्र तापले होते.

मग दर गुरुवारी तो येऊ लागला. मैलोन्‌मैल गाडी चालवून. आम्ही प्रेक्षकांच्या सज्जात बसून सदस्यांचे वाद ऐकायचो. अमेरिकेतल्या बाकी सगळ्या राज्यांत दोन सभागृहं, आमच्या नेब्रास्कात एकच.

"बरंय की," तो म्हणायचा, "एकाच ठिकाणी हो म्हणवून घ्यायचं."

"आणि तिथेच नाही म्हणाले तर?"

"मग... उठायचं आणि घरी जायचं." असं म्हणून तो माझ्याकडे बघायचा, जरा जास्तच वेळ.

मार्च उजाडला. एके दिवशी वर्गात मी विधिमंडळाच्या कामकाजाची यादी चाळली. त्याचं विधेयक समितीने बेमुदत लांबणीवर टाकलं होतं. म्हणजे संपलं. कधीचंच.

गुरुवारी मी पायऱ्यांवर थांबले. तो आला, टोपी काढून, हसत.

"थेरन... तुझं विधेयक पडलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"मग इथे कशाला येत होतास?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. "शनिवारी नदीवर येशील? क्रौंच पक्षी उतरलेत," तो एवढंच म्हणाला.

मी गेले. मावळतीला नदीचं उथळ पात्र गुलाबी झालं होतं. आभाळातून क्रौंचांच्या रांगा उतरत होत्या, एकामागून एक, लांब पाय सोडून, आणि त्यांच्या कलकलाटाने हवा थरथरत होती. थेरन अगदी जवळ उभा होता. त्याच्या कोटाला धुराचा आणि मेणाचा वास होता.

"पुढच्या वर्षी विधेयक नव्याने मांडता येतं," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मांडू की. त्यासाठी भांडत राहीन मी." तो थांबला. "पण ऑड्रा... मी विधेयकासाठी येत नव्हतो. मला तू हवी आहेस. नुसत्या गुरुवारी नाही... रोज."

मी 'हो' म्हणाले. क्रौंचांच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही. त्याचा चेहरा पडला, नजर पाण्याकडे वळली.

मग मी टाचा उंचावल्या, त्याच्या कोटाची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं, आणि अगदी कानाशी पुन्हा म्हणाले.