पंप अजून आलेला नाही

ती दुकानात शिरली ती मुळी पत्ता विचारायला.

"हिरव्या जिन्याचं घर कुठे आलं हो? पेशंटच्या सुनेनं एवढंच सांगितलंय. जसं काही जगात एकच जिना हिरवा आहे."

गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या अरुंद दुकानात काउंटरवर तो एकटाच होता. नऊ वर्षं तो तिथे उभा होता. बोल्टाचा नुसता आवाज ऐकून माप सांगायचा. पण समोर असं कुणी हसत उभं राहिलं, की त्याच्या जिभेला गाठ पडायची.

"समोरची गल्ली, तिसरं घर," तो म्हणाला. "पण जिना आता पिवळा आहे."

"सुनेला माहीत नाही?"

"सासूनं तिला न विचारता रंगवला. म्हणून ती अजून हिरवाच म्हणते."

ती खळखळून हसली. खांद्यावर मलमपट्टीची निळी पिशवी, मनगटावर आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ... घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणारी नर्स, हे त्यानं ओळखलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"बरं, काचेवर पाणी उडवायचा तो छोटा पंप असतो, तो ठेवता का तुम्ही?"

"स्टिअरिंगजवळची दांडी ओढल्यावर घूं असा आवाज येतो?"

"पूर्वी यायचा. आता मौनव्रत."

"मग पंपच गेला."

दारासमोर उभ्या तिच्या निळ्या गाडीचा पंप त्याच्या डोक्यावर, वीतभर अंतरावर, पिवळ्या खोक्यात होता. हात वर करायचा अवकाश. त्यानं हात वर केलाही... आणि केसांतून फिरवून खाली आणला.

"मागवावा लागेल. गुरुवारी या."

आता हे वाक्य आलं कुठून, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आयुष्यात कुणाला खोटा माल दिला नव्हता. पण पंप दिला असता तर ती गेली असती, आणि पिवळा जिना चढून कायमची नाहीशी झाली असती. एवढासा हिशेब. मन करतं असले हिशेब, आणि निस्तरायला माणसाला लावतं.

गुरुवारी ती आली.

"आला?"

"नाही ना आला अजून."

ती चिडली असती तर तो सुटला असता. पण तिनं काउंटरवर कोपर टेकलं. "मग बसवायचा कसा, तेवढं तरी सांगा. मी घरीच बसवणार आहे."

"तुम्ही?"

"का? माणसाच्या नाकातून पोटापर्यंत नळी घालते मी. गाडीला निदान ठसका तरी लागत नाही."

त्यानं खोक्याचं झाकण फाडून त्यावर चित्र काढलं. पुढच्या चाकाच्या मागे पाण्याची टाकी, टाकीच्या पोटात रबरी बूच, बुचात पंप. पंपाला दोन तोंडं. वरच्या तोंडाला पुढच्या काचेची नळी, खालच्याला मागच्या काचेची. ती वाकून बघत होती. तिच्या बोटांना स्पिरिटचा थंड वास होता. पेन्सिलीची रेघ उगाचच लांबत गेली...

"ही नळी कुठे चालली आता?" तिनं विचारलं.

"ही... ही माझ्या हातून गेली जरा पुढे."

"काही हरकत नाही. मला सरळ रेघा काढणारे डॉक्टर फार भेटतात. त्यांचा कंटाळा येतो." चित्र घडी करून तिनं पिशवीत टाकलं. "मग कधी?"

"शनिवारी. नक्की."

ती गेल्यावर त्यानं पिवळा खोका उचलला आणि वायपरच्या गठ्ठ्यामागे सरकवला. न जाणो, मालकांच्या नजरेला पडायचा. पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं, ते एक वेळ माफ. हे मात्र त्यानं दोन्ही हातांनी, जागा बघून केलं.

शनिवारी ती आली, पण काउंटरवर टेकली नाही. लांब उभी राहिली. तिचा एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरलेला होता.

"काय झालं?"

"मोठ्या रस्त्याचं काम चाललंय ना. तिथे पाण्याचा टँकर समोरून गेला. सगळा लाल चिखल काचेवर. मी दांडी ओढली. नुसते वायपर फिरले आणि चिखल काचभर सारवला गेला." ती थांबली. "चार सेकंद मला काही दिसलं नाही. चारच. नाडी मोजायची सवय आहे, म्हणून सांगते. ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर बंपरसमोर सायकलवाले आजोबा. एक हात अंतर... त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं हो. ते म्हणाले, 'पोरी, तुला लागलं नाही ना?'"

तो वळला, वायपरचा गठ्ठा बाजूला केला आणि पिवळा खोका काउंटरवर ठेवला.

"आला?"

"आला," तो म्हणाला. आणखी काही म्हणायचं होतं. पण बोलला ते वेगळंच. "उद्या रविवार आहे. मी घरी येऊन बसवून देतो. तुमचे हात..."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. इंजेक्शनच्या वेळी कधी न हललेले हात अजून एकमेकांना घट्ट धरून होते.

"या," ती म्हणाली. "तुमचा आधार वाटतो."

चाबूक परवडला असता.

रविवारी सकाळी त्यानं खोका हातात घेतला आणि त्याला घाम फुटला. खोक्यावर दुकानात माल आल्याच्या तारखेची चिठ्ठी होती, तीन आठवड्यांपूर्वीची. त्यानं ती नखानं खरवडली. निघाली, पण पांढरा व्रण राहिला.

घरासमोरच्या फरशीवर निळी गाडी उभी होती. पायरीवर तिची आई परातीत मटार सोलत बसली होती.

"हे का तुझे काउंटरवाले?" आईनं मुलीला विचारलं. मग त्याला म्हणाली, "अहो, आठवडाभर या घरात पंपाशिवाय विषय नाही. एवढं कौतुक तर मी जावयाचंही केलं नसतं."

"आई!"

"बरं, मी मटाराशी बोलते."

त्यानं बॅटरीची तार सोडली. चाक वळवलं, चाकामागच्या काळ्या पत्र्याच्या खुंट्या काढल्या आणि तो आडवा होऊन आत शिरला. ती शेजारी बादली घेऊन उकिडवी बसली, चित्र मांडीवर पसरून.

"जुना पंप ओढला की टाकीतलं पाणी येईल," तो म्हणाला. "बादली खाली धरा."

"धरली. असल्या बाबतीत मी पटाईत आहे."

पाणी भसाभस आलं. जुना पंप तिच्या तळहातावर पडला, चिमणीएवढा, निपचित. तिनं त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि नव्याचा खोका उचलला. नर्सचे डोळे. औषधाची बाटली असो की बिस्किटाचा पुडा, आधी तारीख.

"इथलं लेबल कुणी खरवडलं?"

चाकामागे त्याचे हात थांबले.

"आमच्याकडे असा खोका आला ना, तर आम्ही तो परत पाठवतो," ती हसत म्हणाली. "पडून राहिलेला माल गळ्यात मारलात की काय?"

किती सोपी वाट करून दिली होती तिनं! 'हो, जुना माल आहे' एवढं म्हटलं की झालं. पंप चालला असता, चहा झाला असता, आणि ती पुन्हा हसत काउंटरवर टेकली असती. फक्त दर वेळी काचेवर पाणी उडालं की त्याला ते आजोबा दिसले असते, आणि ती त्याच्याकडे विश्वासानं बघत राहिली असती. त्या बघण्याचीच त्याला भीती वाटली.

"लेबल मी खरवडलं," तो म्हणाला. तोंड टाकीकडे होतं, हे एक बरं होतं. "आज सकाळी. त्यावर तारीख होती. पंप दुकानात आधीपासून होता. तुम्ही पत्ता विचारायला आलात, तेव्हाही होता. माझ्या डोक्यावर."

पायरीवर मटार सोलायचा आवाज बंद झाला.

"मग गुरुवारी या म्हणालात ते?"

"तुम्ही पुन्हा यावं म्हणून."

"आणि गुरुवारी, 'शनिवारी' म्हणालात ते?"

"तेही... त्यासाठीच."

टाकीतून थेंब पडत राहिले. बादलीत टप्... टप्... तो बाहेर आला नाही. हिंमतच होईना.

"पंप बसवा," ती म्हणाली. आवाजात काहीही नव्हतं. राग असता तर त्यानं तो अंगावर घेतला असता.

त्यानं नवं बूच पाण्यानं ओलं केलं, पंप आत रेटला, नळ्या लावल्या, तार जोडली. हातांना सवय होती, म्हणून ते करत राहिले. बॅटरी जोडली, टाकी भरली. ती गाडीत जाऊन बसली आणि तिनं दांडी ओढली.

घूं!

पुढची काच कोरडी ठाक. पाण्याची कारंजी मागच्या काचेवर उडाली.

ती दार उघडून बाहेर आली. "पुन्हा? आता कधी येऊ? बुधवारी?"

"नाही! नाही हो, ही खरी चूक आहे. माझं लक्ष नव्हतं, नळ्यांची अदलाबदल झाली—"

"मी कशी ओळखायची खरी चूक कुठली ते? सांग ना! तुझ्या चेहऱ्यावर तारीख लिहिलेली आहे का?"

रागाच्या भरात ती 'तू'वर आली होती. खोटं बोलणाऱ्याची शिक्षा हीच, त्याचं खरंही कुणी घेत नाही.

"ओळखता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "तुम्हीच लावा नळ्या. मी हात लावत नाही."

तिनं बाह्या वर सारल्या आणि आडवी झाली. पाच मिनिटं फक्त तिचे पाय दिसत होते. बाहेर आली तेव्हा गालावर काळा पट्टा होता.

"गाडीत बस. चालकाच्या जागेवर."

तो बसला. तिनं कुंड्यांखालची ओली माती ओंजळीनं उचलली आणि काचेवर फेकली. एकदा, दोनदा, तीनदा. आई, फरशी, आभाळ, सगळं तपकिरी झालं.

"दिसतंय काही?" बाहेरून आवाज आला.

"नाही."

"गाडी चालू आहे, असं समज. मोजते मी. एक..."

त्याचे हात नकळत स्टिअरिंगवर आवळले. गाडी जागची हललेली नव्हती, तरी पाय ब्रेक शोधू लागला.

"दोन..."

समोर कोण उभं आहे? ती? आई पायरीवरून उठली असेल का? त्याला कळेना.

"तीन..."

केवढा लांब असतो हा आकडा!

"चार. ओढ."

पाण्याच्या दोन धारा उठल्या, वायपर फिरले, चिखल ओघळला आणि काचेपलीकडे ती दिसली, बंपरला गुडघे टेकून उभी. तिचे डोळे भरलेले होते. त्याचेही. तो उतरला, पण दाराला धरून उभा राहिला.

"कळलं?"

"कळलं."

"मूर्ख आहेस तू. मला काय राग आलाय, माहीत आहे? तू पंप दिला असतास ना, तरी मी दुसऱ्या दिवशी आले असते. काहीतरी विचारायला. खुंटी हरवली म्हणून, चित्र नीट कळलं नाही म्हणून... त्या पेशंटला मी आठवड्यातून तीनदा पट्टी करते. तुझ्या दुकानासमोर गाडी लावायची काय गरज होती मला? पलीकडे सावलीत जागा आहे!"

त्यानं धरलेलं दार सोडलं.

"नुसतं 'पुन्हा या' म्हणायचंस," ती हळूच म्हणाली. "एवढं अवघड होतं?"

"पंप लपवण्यापेक्षा अवघड होतं," तो म्हणाला. अगदी खरं होतं ते, आणि तिला ते कळलं. ओठाचा एक कोपरा हलला, पण तिनं त्याला आवरलं.

"हसत नाहीये मी. राग आहे अजून. चांगला महिनाभर पुरेल."

"मग मी... दिसू नको का तुम्हाला?"

"असं कोण म्हणालं? राग उतरवायचा तर माणूस समोर असलेला बरा. लांबून तो चढतच जातो."

पायरीवरून आईनं परात उचलली. "मी आत जाऊन चहा टाकते," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "महिनाभर उन्हात उभे राहणार असाल तर सांगा. नाहीतर हात धुऊन आत या. आणि काउंटरवाले, साखर घरात आहे. मी लपवत नाही."

ती गालावरचा काळा पट्टा पुसायला गेली आणि तो आणखी पसरला. त्यानं खिशातला रुमाल काढला, स्वच्छ, चौघडी घातलेला. पुढे करायला गेला आणि थांबला. मग नऊ वर्षं काउंटरमागे उभं राहून जे जमलं नव्हतं, ते त्यानं तिथे, चिखलात उभं राहून विचारलं.

"उद्या याल? काहीही बिघडलेलं नसताना?"

तिनं रुमाल घेतला. गाल पुसला, मग निवांत एकेक बोट. घड्याळाकडे पाहिलं, जणू वेळ तिथेच लिहिलेली होती.

"उद्या माझे सहा पेशंट आहेत," ती म्हणाली. "पाच वाजतील."

आणि रुमाल परत न देताच आत गेली.