चार नंबरचा ओटा

"टेपचं हे टोक जरा धरता का?" हे त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

चर्चचा जुना हॉल विकायला निघाला होता. पाडायचा नाही, आतच सहा फ्लॅट बसवायचे, असं घाटत होतं. मी जागांच्या दलालाकडे टायपिस्ट. किल्ली एकटी पाठवायची नाही, हा आमच्या साहेबांचा नियम; म्हणून किल्लीबरोबर मीही जायची. तो आर्किटेक्ट. रंगीत काचांतून लाल-निळं ऊन फरशीवर सांडायचं आणि त्यात गुडघे टेकून तो आकडे लिहीत बसायचा.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सरळ उभ्या राहा. कोपर वाकवा."

"कशाला?"

"ओटा कोपराखाली चार बोटं हवा. नाहीतर पाठ धरते." टेप लावताना त्याची बोटं कोपराला लागली... नुसती लागली. "ठेंगण्याच आहात की."

"मापून झालं असेल तर कुलूप लावते."

तो हसला. ते हसू मी घरी घेऊन गेले.

मग गिऱ्हाईक आलं. बिल्डरची मुलगी, वडिलांचा धंदा स्वतः बघणारी, उंच, गळ्यात रेशमी रुमाल. आल्या आल्या तिनं टेपचं टोक धरलं. माझं टोक.

"इथे माळा निघेल?"

"तुम्ही म्हणाल तर निघेल."

तुम्ही म्हणाल तर... आठवडाभर मी किल्ली घेऊन दारात खांबासारखी उभी. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. एका दुपारी तो शिडीवर असताना मी तिच्या कानाशी लागले, "वरच्या तुळयांना वाळवी आहे बरं का."

वाळवी नव्हती.

दोन दिवसांनी तिनं सौदा मोडला. सहा फ्लॅटांचा नकाशा द्यायला तो ऑफिसात आला. "इथलं काम संपलं. दुसऱ्या गावाहून बोलावणं आलंय."

हातांना काहीतरी हवं म्हणून मी नकाशा उलगडला. पाच ओटे चौतीस इंच. चार नंबरचा तीस.

"हाच का बुटका?"

"तिथली बाई ठेंगणी आहे." तो टाचण्यांच्या डबीकडे बघत होता. "तो फ्लॅट मी घेणार होतो... म्हणजे, तुमची हरकत नसती तर."

"आणि ती?"

"ती कोण?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. मी पर्स उचलली.

"कुठे निघालात?"

"वाळवी काढायला."

तिला सगळं खरं सांगितलं. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. "त्याच्यापायी?"

मी मान हलवली. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं, मला हॉल हवा होता. तुझा आर्किटेक्ट तुला लखलाभ."

चाळीस वर्षं झाली. सून कुरकुरते, "आई, या ओट्यानं कंबर मोडते माझी. उंच करून घेऊ या."

"मी गेल्यावर कर," म्हणते मी.

सहा नंबर त्या उंच बाईनं स्वतःला ठेवला. तिचा ओटा मागून छत्तीसचा झाला, अगदी कोपराखाली चार बोटं. ते माप कसं घेतलं, हे मी अजून ह्यांना विचारते.

हे पेपरातून मान वर काढत नाहीत. "अंदाजानं," म्हणतात.