तीन बोटांच्या सुरकुत्या

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एरवी माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. टॉवेल आणि चादरींचे माग दिवसरात्र खडखडत असतात, आणि तिथली माणसं घरी जेवतानासुद्धा ओरडूनच मीठ मागतात. पण आठवड्याच्या सुट्टीला वीज बंद, माग बंद. मग जी शांतता पसरते तिची कानांना सवय नसते. कुणीतरी बोलता बोलता अचानक गप्प झालंय असं वाटत राहतं.

अशाच एका सुट्टीच्या टळटळीत दुपारी आफरीन आपल्या शेडमध्ये एक बक्कल बसवायला आली होती. शेड म्हणजे वीरभद्रप्पांच्या टॉवेल कारखान्याची मागची खोली. एका बाजूला मोडीत काढलेल्या मागांचे सांगाडे, दुसऱ्या बाजूला तिचं टेबल. टेबलावर चामडं कापायची रापी, टोचायची आरी, मेण लावलेला दोरा, आणि जुन्या घड्याळांतून, पाण्याच्या मीटरांतून काढलेली पितळी चाकं. तिचा आजा टांग्याच्या घोड्यांचे लगाम शिवायचा. टांगे गेले, घोडे गेले, आजाही गेला. आरी तेवढी नातीकडे राहिली.

त्याच आरीनं नात आता स्टीमपंकचे दागदागिने करायची. म्हणजे काय, हे तिला निम्म्या सोलापूरला समजावून सांगावं लागलं होतं. वाफेच्या इंजिनांचा जमाना संपलाच नाही असं धरून चालायचं, आणि त्या जमान्यातली माणसं जे घालतील ते घालून मिरवायचं: पितळी चौकटीचे गॉगल, चाकं जडवलेल्या टोप्या, नळ्या लावलेले चामडी पट्टे. शेजारची एक बाई म्हणाली, म्हणजे सोंगंच की. आफरीन म्हणाली, सोंगंच, पण अशी की घालणारा स्वतः फसला पाहिजे.

गर्व होता तिला, आणि का नसावा? तिचा टाका नुसत्या बोटानं चाचपला तरी ओळखू यायचा. पण मुंबईचं एक दुकान तिच्या वस्तू घेऊन त्यांवर स्वतःचा शिक्का मारून विकायचं. आपणच केलेला गॉगल तिनं एकदा फोनवर पाहिला, कुणा भलत्याच कारागिराच्या नावानं, आणि त्या दिवशी तिला घास गेला नाही. यंदा पुण्याच्या वेशभूषा मेळाव्यात पहिल्यांदाच वस्तूबरोबर करणाऱ्याचं नाव पुकारणार होते. आफरीन राजेसाब, सोलापूर. एवढं एकदा माइकवरून ऐकायचं होतं तिला, बाकी काही नको होतं.

त्यासाठीच तिनं हा उजव्या हाताचा, कोपरापर्यंतचा हातमोजा करायला घेतला होता. म्हशीचं चामडं, मनगटावर दातेरी चाकं, बोटांच्या पेरांवर पितळी पट्ट्या. हे पितळ वीरभद्रप्पांनी कोपऱ्यातल्या एका मोडक्या मागाचं काढून दिलं होतं. जुनं, जड, पिवळंधमक पितळ. तिनं ते चिंचेनं घासून लख्ख केलं होतं.

बक्कल बसलं. हातमोजा टेबलावर पालथा ठेवून ती दाराबाहेरच्या नळावर हात धुवायला गेली. येऊन डबा उघडला, भाकरीवर शेंगाचटणी घेतली, आणि सहज टेबलाकडे पाहिलं तर हातमोजा उताणा पडला होता.

वाऱ्यानं उलटला म्हणावं तर पानसुद्धा हलत नव्हतं. तिनं तो उचलला. मशीनच्या तेलाचा वास आला, आणि त्याखाली घामाचा. आत हात घातला तर अस्तर ओलसर लागलं. उकाड्यात चामडं तापतं हे तिला ठाऊक होतं; ते आपणहून भिजत नाही हेही ठाऊक होतं.

मग तिला सुरकुत्या दिसल्या. नवं चामडं गुळगुळीत असतं. हात जिथं वाकतो तिथं ते वापरून वापरून मोडतं, बारीक रेघा पडतात, घाम मुरून काळपट होतं. त्याला वर्षं जातात. आणि इथं, नळावर जाऊन येईपर्यंत, अंगठा, अनामिका आणि करंगळी या तीन बोटांवर आयुष्यभराच्या कष्टाच्या सुरकुत्या पडल्या होत्या. मधलं बोट आणि तर्जनी मात्र कोरी करकरीत. ज्यानं कुणी हातमोजा घातला होता, त्याला ही दोन बोटं नव्हतीच.

"कोन हाय?" ती हळूच म्हणाली.

मोडक्या मागांमधून कुणी बोललं नाही. तिला कुणी बोलावं असं वाटतही नव्हतं.

वीरभद्रप्पा फाटकाजवळच्या लिंबाखाली बाजेवर पडले होते. कारखान्याचा मालक असूनही सुट्टीच्या दिवशी घरी करमत नाही म्हणून इथंच येऊन झोपणारा माणूस. त्यांनी हातमोजा पाहिला, पण हातात घेतला नाही.

"कोपऱ्यातल्या मागाचं पितळ लावलीस व्हय ह्याला?"

"तुमीच तर दिलतं की, अप्पा."

वीरभद्रप्पांनी पाय आखडून तिला बाजेवर बसायला जागा केली. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. कारखाना त्यांनी विकत घेतला त्याच्या आधी त्या मागावर हणमंत नावाचा कामगार होता. मागाच्या चाकात त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली. बरा होऊन तो परत आला आणि उरलेल्या तीन बोटांनी तुटका धागा असा जोडू लागला की टॉवेलवर हात फिरवून गाठ सापडायची नाही. तो स्वतःच लोकांना पैजेवर शोधायला लावायचा. पण त्या वेळच्या मालकाला थोटा कामगार मागावर नको होता. त्यानं हणमंतच्या हातात झाडू दिला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की हणमंत जाऊन त्या मागापाशी उभा राहायचा, कापडावरून हात फिरवायचा, आणि भोंगा झाला की पुन्हा झाडायला लागायचा. एका दुपारी तिथंच कोसळला.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाय म्हनत्यात," वीरभद्रप्पा म्हणाले. "हणमंताची मेल्यावर बी गेली न्हाय. मी बगितलोय... पडल्या मागावर ताजं तेल." ते उठून बसले. "ते पितळ भंगारात घाल, पोरी. आन् त्याच्यासंगं बोलू नगंस. त्याला कायबी दिऊ नगंस."

घरी गेल्यावर तिनं अम्मीला सगळं सांगितलं. रशीदाबी भाजी निवडता निवडता थांबल्या. रिकाम्या जागेत, भर दुपारी तोंडातून काय निघतं याचं भान ठेवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"कोई सुनता रहता, बेटा," त्या म्हणाल्या. "बोले सो देना पडता."

आफरीनला भीती वाटली नाही असं नाही. त्या रात्री तिनं दिवा चालूच ठेवला. पण सकाळी हातमोजा पुन्हा समोर घेतला तेव्हा तिच्यातली कारागीर जागी झाली, आणि कारागिराला भ्यायला सवड नसते. जुनेपणाचं सोंग आणायला लोक पॉलिश पेपर घासतात, चहाचं पाणी लावतात, आणि तरी ते सोंग उघडं पडतं. हे जुनेपण खरं होतं. जगात कुणाला असं काम साधलं नसेल. फक्त ती दोन कोरी बोटं! असा हातमोजा पुण्याला नेला तर परीक्षक आधी तिथंच बोट ठेवणार.

आणि खरं सांगायचं तर तिला हणमंतचा राग नाही, कळवळा आला होता. हात त्याचा, कसब त्याचं, आणि वाट्याला झाडू. कुणाच्या तरी हाताचं चीज होऊ न देणारी माणसं तिनंही पाहिली होती.

तिनं पातळ चामडं भिजवलं. आपल्याच उजव्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर घट्ट गुंडाळलं, दोऱ्यानं आवळलं, आणि ते वाळेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. चामड्यानं तिच्या बोटांचा हुबेहूब घाट घेतला. लहानपणी आरी घुसल्यामुळं तिची तर्जनी टोकाशी किंचित वाकडी होती, तो बाकसुद्धा. ही दोन पोकळ बोटं तिनं हातमोज्याच्या कोऱ्या बोटांत बसवली आणि पितळी काड्यांनी मनगटाच्या चाकाला जोडली. उरलेली तीन बोटं मिटली की चाक फिरायचं आणि ही दोन आपोआप वाकायची. पहिल्यांदा मूठ वळली तेव्हा तिला स्वतःचाच हेवा वाटला.

पुढच्या सुट्टीला दुपारी तिनं हातमोजा टेबलावर मधोमध ठेवला. शेडमध्ये सगळं निपचित होतं. अप्पांनी सांगितलं होतं, अम्मीनं सांगितलं होतं. पण एका कारागिरानं दुसऱ्याला वस्तू देताना काहीच न बोलणं तिला शोभेना.

"हणमंतमामा," ती पुटपुटली, "ही घ्या... माझी दोन बोटं घ्या."

आणि बाहेर येऊन, दाराकडे पाठ करून पायरीवर बसली.

आधी काहीच नाही. उन्हानं पत्रे तडतडत होते. मग तेलाचा वास आला, हळूहळू, कुणी जवळून गेल्यासारखा. मग चामड्याची कुरकुर. मूठ मिटली, उघडली. चाकाचा बारीक आवाज. पुन्हा मिटली, उघडली. थोड्या वेळानं आवाज बदलला, भरभर आणि हलका झाला. अंगठ्यावर बोट फिरावं, पीळ बसावा, आणि दोरा तुटावा असा. कुणीतरी गाठी मारत होतं. एकामागून एक, न चुकता, गाठी मारत होतं. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. तिनं वळून पाहिलं नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आल्या होत्या, पण तेव्हा तिला वाटलं, चामडं वाळवताना दोरा जास्त आवळला असेल.

आवाज थांबल्यावर ती आत गेली. पाचही बोटांवर सुरकुत्या पडल्या होत्या. हातमोजा छातीशी धरून आफरीन त्या बंद मागांच्या मध्ये उभी राहिली, आणि अभिमानानं तिला रडू फुटलं.

पुण्यात पुढं काय झालं ते सोलापुरात आता सगळ्यांना माहीत आहे. परीक्षकानं हातमोजा घालून मूठ वळली आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. हे जुनेपण कसं आणलं, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, हे माझं काम नाही, माझ्या जोडीदाराचं आहे. म्हणून पहिला क्रमांक पुकारताना माइकवरून दोन नावं आली: आफरीन राजेसाब आणि हणमंत, सोलापूर. टाळ्या थांबेनात. समोर बसलेल्या रशीदाबींनी ओढणी डोळ्यांना लावली. आफरीनला एकटीचं नाव ऐकायचं होतं, पण दोन नावं ऐकून तिची मान आणखीच ताठ झाली.

परत आल्यावर वीरभद्रप्पांनी तिला स्वतःच्या कारखान्याचा टॉवेल देऊन तिचा सत्कार केला. आमच्याकडं टॉवेल मिळाल्याशिवाय मोठेपणा पक्का होत नाही. ती म्हणाली, एक मामांनापण पायजे. वीरभद्रप्पांनी दुसरा टॉवेल आणून तिच्या हातात दिला आणि शेडच्या दारातूनच मागं फिरले.

सुट्टीची दुपार होती. तिनं नव्या पांढऱ्या टॉवेलची घडी टेबलावर मांडली, तिच्यावर हातमोजा ठेवला, आदबीनं मान लववली आणि नळावर जाऊन आली.

टॉवेल उलगडलेला होता. घामानं ओला झाला होता. काम संपल्यावर माणूस हात पुसतो तसे कुणीतरी त्याला हात पुसले होते, आणि मधोमध तेलकट पंजा उमटला होता. पाच बोटांचा. तिला आधी हसू आलं, आनंदाचं. मग ती नीट पाहू लागली. अंगठा, अनामिका, करंगळी जाड होती, कामानं चपटी झालेली पुरुषी बोटं. मधली दोन सडपातळ होती. त्यांतली तर्जनी टोकाशी किंचित वाकडी होती.

तिनं आपला उजवा हात त्या पंजावर ठेवला. दोन बोटं रेघेला रेघ जुळली.

तिनं हात झटकन उचलून घेतला. हातमोजा गप्प पडून होता. शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता. तिनं हात डोळ्यांसमोर धरला आणि सावकाश मूठ वळून पाहिली. अंगठा, अनामिका, करंगळी मिटली. उरलेली दोन बोटंही मिटली.

पण जरा उशिरा.