कानाशी दोन बोटं

"आणि तुमचा डावीकडचा मागेच राहिला तर?"

बोलून गेले आणि जीभ चावली. ना ओळख ना पाळख! डिसेंबर शहाण्णवची संध्याकाळ होती, सुरतेत तापीच्या काठी पोंकाचे तंबू लागले होते, आणि शेजारच्या बाकावर एक मुलगा वर्तमानपत्रावर पोंकाचे दाणे मांडून मित्राला फुटबॉल समजावत होता. आमच्या कोल्हापूरकडे ज्याला हुरडा म्हणतात तोच हा पोंक. इथे त्यावर लिंबू-मिरीची शेव घालतात एवढंच. चार हिरवे दाणे एका ओळीत, म्हणजे बचावाचे चार गडी. त्यांना चिकटून शेवेचा एक तुकडा, म्हणजे समोरच्या टीमचा फॉरवर्ड.

मुलाने मान वर केली. असं काही बघितलं माझ्याकडे, की मी उगाच द्रोणातली मिरची शोधायला लागले.

"मागे राहिला तर मेलो," तो म्हणाला. तेही भलत्याच मोठ्या आवाजात. "पण तुम्हाला कसं माहीत, मॅडम?"

"कोल्हापूरची आहे मी. बाबा बँकेत आहेत, बदली झाली म्हणून इथे आलोय. आमच्याकडे पाळण्यातलं पोरही ऑफसाइड सांगतं."

"मग सांगा की."

मी काय, डरते होय! त्याच्या कागदावरच सांगितलं. "समोरून पास निघायच्या क्षणी या चौघांनी एकदम एक पाऊल पुढे यायचं. फॉरवर्ड ओळीच्या पलीकडे एकटा उरतो — ऑफसाइड. पण चौघांतला एक जरी जागेवर राहिला ना..." मी एक दाणा मागे सरकवला, "की फॉरवर्डला रान मोकळं. गोल!" आणि तो शेवेचा तुकडा उचलून खाऊन टाकला.

"ओ भाऊ, फॉरवर्डच खाई गयी ना ही!" त्याचा मित्र ओरडला.

तो मित्र लोटू. आणि हा बन्सीलाल. दोघेही सुरतेच्या लिंबायत वस्तीतले, मूळ खानदेशचे, एकाच शेडमध्ये कापडाचे लूम चालवणारे, लिंबायतच्या टीमचे बॅक. हसला की बन्सीच्या एका गालावर खळी पडायची. एकाच. दुसऱ्या गालावर का नाही, याचा मी त्या रात्री फार विचार केला.

"तुम्ही एवढ्या मोठ्याने का बोलता?" निघताना मी विचारलं.

"शेडमध्ये चाळीस लूम धडधडत असतात, मॅडम. बाहेर आलो तरी आवाज उतरत नाही. आत तर ओरडूनही भागत नाही... हातानेच बोलतो आम्ही."

लिंबायतच्या ओळीचं गुपित हेच होतं. बाकीच्या टीमचा बॅक ओळ पुढे आणायला ओरडतो, आणि समोरच्या फॉरवर्डला ते ऐकू जातं. लिंबायतचे चौघे एकाच शेडमधले. बन्सीने दोन बोटं कानाशी नेली, की शेडमध्ये अर्थ व्हायचा, सगळ्यांनी एकदम लूम बंद करा. मैदानावर अर्थ व्हायचा, एकदम पाऊल पुढे. ना हाक ना आवाज. फॉरवर्ड बिचारा शिट्टी ऐकूनच दचकायचा.

त्यांच्या भागातल्या कारखान्यांना बुधवारी सुट्टी. मग काय, माझी लुना दर बुधवारी कॉलेजातून निघून आपोआप मैदानाकडे वळायला लागली. प्रॅक्टिस संपली की आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसायचो आणि तो मला खुणा शिकवायचा. अंगठा ओठाशी, चहा. मूठ कपाळाशी, मुकादम आला. मला त्याने वेगळी खूण केली होती: चिमटीने काहीतरी उचलायचं आणि तोंडात टाकायचं.

"हे माझं नाव? छाया म्हणजे ही शेव खाणारी?"

"मग! फॉरवर्ड खाणारी पोरगी अख्ख्या सुरतेत एकच आहे."

"आणि 'आवडतेस' याला काय खूण करतात?"

तो लाल झाला. चक्क लाल! "शेडमध्ये... कामच पडलं नाही कधी," म्हणाला, आणि बूट झाडत बसला. मी मात्र दिवसभर हवेत होते.

जानेवारीत कापड मार्केटातल्या एका शेठने टीम काढली. शेठला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण संक्रांतीच्या स्पर्धेचा कप हवा होता. कोलकात्याहून फॉरवर्ड आणला, गोव्याहून गोलकीपर, केरळहून दोघे बॅक. पाठीवर शेठच्या साड्यांचं नाव छापलेल्या जांभळ्या चकचकीत जर्स्या. आणि मग बन्सीला बोलावणं आलं. वीस हजार रोख, आणि मिलमध्ये सुपरवायझरची खुर्ची.

"नाही जायचं मला," बन्सी म्हणाला.

"का? वेडा आहेस का?"

"खेळाडू भारी आहेत गं. पण ते मॅचच्या आदल्या दिवशी येणार, खेळणार, गाडी पकडणार. माझा हात कोण बघेल?"

"आणि बाबांना काय सांगू मी? मुलगा लूम चालवतो?"

तो बुटाची नाडी सोडायला लागला. मग हळू म्हणाला, आणि तो हळू बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला, "चालवतोच ना. खोटं काय त्यात?"

"तुला कळत नाही बन्सी. सुपरवायझर म्हटलं की निदान तोंड तरी उघडता येईल मला."

माझ्या अकलेचे तारे! वीस वर्षांची होते, आणि मला वाटत होतं, जग कसं चालतं ते मलाच कळतं.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर जातो. पण मग फायनलला बाबांना घेऊन ये. मॅच संपली की मी स्टँडकडे येईन. बोटं कानाशी नेली की तू उठायचं आणि माझं नाव सांगायचं. मी वर येऊन तुझं सांगेन. एकदम."

"आणि मी मागेच राहिले तर?" मी हसत विचारलं.

"मग मेलो," तोही हसला.

फायनल संक्रांतीनंतरच्या रविवारी झाली. मैदानाभोवतीच्या झाडांना तुटलेले पतंग लटकत होते. समोर लिंबायत, त्यांच्या ओळीत लोटू आणि बाकीचे दोघे, बन्सीच्या जागी एक नवा गडी. जांभळ्या जर्सीतला बन्सी मला परकाच वाटला. मांडव घातलेल्या स्टँडमध्ये बाबा माझ्याशेजारी मांडी ठोकून बसले होते, गालात पान, अगदी गावाकडच्या मॅचला आल्यासारखे.

एक-एक बरोबरी. शेवटची पाच मिनिटं. लिंबायतचा पास निघायच्या बेतात होता. बन्सीची दोन बोटं कानाशी गेली. त्याने पाऊल टाकलं... एकट्याने. केरळचे दोघे खेळाडू जिथल्या तिथे उभे. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

आणि तेवढ्यात बाबा ओरडले, "छाया, ते बघ! पलीकडची ओळ बघ!"

मैदानाच्या दुसऱ्या अंगाला लोटू आणि त्याचे दोघे सोबती एक पाऊल पुढे आले होते. समोरच्या टीमचे असून. बन्सीचा हात दिसला आणि पाय उचलले गेले, बस्स.

इकडे गोल झाला. लिंबायत जिंकलं. "मुद्दाम गोल सोडला, विकला गेला रे बन्सी!" कोणीतरी ओरडलं, मग पन्नास जण ओरडले. शेठने सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं, खुर्ची विसर म्हणाला. आणि तसाच, धुळीने माखलेला, बन्सी आमच्या स्टँडकडे चालत आला. लोक हुर्यो करत होते. तो थांबला. चिमटीने काहीतरी उचलून तोंडात टाकलं. माझं नाव. मग दोन बोटं कानाशी.

मला उठायचं होतं हो! पण बसूनच राहिले मी. आजूबाजूला हसणारी माणसं, हरलेला, शिव्या खाणारा तो, सुपरवायझरही नाही आता...

"तुझ्याकडे बघून खुणा करतोय का गं तो?" बाबांनी विचारलं. "ओळखीचा आहे?"

"नाही," मी म्हणाले.

बन्सीने हात खाली केला. ऐकू तर गेलं नसेल एवढ्या गोंधळात, पण ओठ वाचता येत होते त्याला. शेडमध्ये सगळ्यांनाच येतात.

परतताना स्कूटरवर बाबा एकटेच बोलत होते. "त्या शेठने एवढा पैसा ओतला, पण खेळ कळणारं पोरगं मैदानात एकच होतं बघ. नुसता हात वर केला तर समोरची टीम हलली की गं! त्याला त्याच्या माणसांतून कुणी उचलला देव जाणे. घरी बोलवून पाठ थोपटावी असं पोरगं." मी मागे बसून रडत होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलंय असं त्यांना वाटलं.

तीन दिवस हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी लुना काढली आणि लिंबायतला त्यांच्या शेडवर गेले. लोटू बाहेर चहा पीत होता.

"बन्सी भिवंडीला गेला, ताई. मामाकडे." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "आम्ही त्याले ठेवत होतो. पैशाचं काय, चुकतो माणूस. पण थांबला नाही."

"काही... म्हणाला का?"

लोटूने कप खाली ठेवला. "एकच विचारत होता सारखा. तिच्या डोळ्यावर ऊन तर नव्हतं ना म्हणे. हात दिसला नसेल तिला." तो माझ्याकडे बघत राहिला. "होतं का, ताई, ऊन?"

हो म्हणाले असते तर लोटूने संध्याकाळीच भिवंडीला फोन लावला असता. कदाचित आज ही गोष्ट वेगळ्या शेवटाची असती. पण त्या मुलाशी एकदा खोटं बोलून झालं होतं माझं.

"नव्हतं," मी म्हणाले. "मांडव होता आमच्यावर. मला दिसला होता त्याचा हात."

लोटूने मान हलवली. आतून कोणीतरी त्याला खूण केली आणि तो उठून गेला. चाळीस लूम एकदम सुरू झाले. मी दारात उभी राहून त्याला ओरडून सांगत होते काहीतरी, आणि तो यंत्रामागून हात हलवून विचारत होता, काय? काय म्हणतेस? मी हात वर केले आणि तसेच राहिले. 'त्याला म्हणावं, मला माफ कर' याची खूण बन्सीने मला शिकवलीच नव्हती.