चिमणीला कोण छळतंय?

"तूफाननं परत तेच केलं!" मैत्रेयीने टॅबलेट गादीवर आपटला.

चंदीगडच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. म्हणून मैत्रेयी, तिचा धाकटा भाऊ अपूर्व आणि वरच्या मजल्यावरची हिमानी 'नवखंड' हा ऑनलाइन खेळ खेळत. त्यात कुठकुठली अनोळखी माणसं एकत्र येऊन टोळी करायची आणि राक्षसांशी लढायची. त्यांच्या टोळीचा रिवाज साधा होता. नव्याला सांभाळून घ्यायचं, खजिना वाटून घ्यायचा आणि लढाई अर्धी टाकून पळायचं नाही. तूफान नावाचा योद्धा मात्र सगळ्यांना ढकलून पुढे धावे आणि पेटी एकटाच उचले. आज तर तो चिमणीवर बरसला होता. चिमणी टोळीत नवीन आलेली वैद्य. जखमींवर उपचार करताना तिचा मंत्र चुके. उद्याची अजगराची लढाई झाली की मी खेळ सोडणार, असं तिने लिहिलं होतं.

मैत्रेयीला फार वाईट वाटलं. ती स्वतः नवी असताना दर वेळी दरीत पडायची, आणि सगळी टोळी काठावर तिची वाट बघत थांबायची.

"पर ये 'काय बे' क्या होता है?" हिमानीने विचारलं.

बहीणभावांनी पडद्याकडे पाहिलं. एरवी हिंदीत लिहिणाऱ्या तूफानने रागाच्या भरात लिहिलं होतं, 'काय बे, जमत नाही तर येतेस कशाला?'

त्यांच्या घरात 'बे' म्हणणारा एकच माणूस होता. नागपूरचा देवदत्तकाका! तो मोहालीच्या एका कंपनीत होता, त्यांच्याकडेच राहायचा आणि या आठवड्यात दार लावून घरूनच काम करत होता. जेवताना मुलांना शिष्टाचारावर व्याख्यान देणाराही तोच.

"सगळं नागपूर 'बे' म्हणतं," अपूर्व म्हणाला. "पुरावा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मैत्रेयी हिमानीकडे बसून खेळू लागली. खाली अपूर्वने काकाला कूलरमध्ये पाणी भरायला बोलावलं. त्याच क्षणी तूफान धावता धावता पुतळ्यासारखा थांबला आणि एक बुटका राक्षस त्याला आरामात बडवू लागला. काका खोलीत परतला, तसा तूफान हलला. मग अपूर्वला लोणच्याची बरणी उघडेना. तूफान पुन्हा पुतळा! तिसऱ्यांदा अपूर्वने न्हाणीघरात नसलेलं झुरळ दाखवायला काकाला नेलं, ते निव्वळ मजा म्हणून.

"पक्का वही है," हिमानी हसून लोळत म्हणाली.

भांडायचं नाही, असं मैत्रेयीने ठरवलं. तिने तूफान सोडून सगळ्या टोळीला निरोप धाडला की आज त्याला एकट्यालाच पुढे जाऊ द्या.

संध्याकाळी तिघंही हिमानीकडे खेळायला बसली. तूफान नेहमीसारखा अजगराच्या गुहेत घुसला. मागे कोणीच नव्हतं. अजगराने शेपटीच्या एका फटक्यात त्याला आडवा केला. तो मदत मागू लागला, पण कोणी जागचं हललं नाही. शेवटी त्याने चिमणीची विनवणी केली.

चिमणीने मराठीत लिहिलं, 'आधी माफी माग, देवदत्त.'

मैत्रेयी चक्रावली. काकाचं नाव हिला कसं ठाऊक? तेवढ्यात खालून काकाची किंकाळी आली, "वहिनी, तुम्ही?"

तिघं धावत खाली गेली. लष्करात डॉक्टर असलेली मैत्रेयी-अपूर्वची आई हातात मोबाइल घेऊन काकाच्या दारात उभी होती.

"मुलं दिवसभर कुणाच्या संगतीत असतात, ते बघायला शिरले होते," ती म्हणाली. "'काय बे' वाचलं आणि हे आपलंच रत्न आहे हे कळलं. हा खेळ घरातून काढूनच टाकणार होते मी."

मैत्रेयीने टॅबलेट पाठीमागे लपवला. "मग आता?"

"आता नाही. चिमणी कोण हे माहीत नसताना तुम्ही तिची बाजू घेतलीत, आणि तीही एक वाईट शब्द न वापरता. मला अभिमान वाटला पोरांनो."

काका कानापर्यंत लाल झाला होता. "पडद्यामागे माणूस असतं, हे डोक्यातच येत नव्हतं," तो पुटपुटला आणि टोळीची माफी लिहायला बसला. आईने मंत्र म्हटला. तो चुकला. मग दुसऱ्यांदा म्हटला, आणि तूफान उठून उभा राहिला. या वेळी तो सगळ्यांच्या मागून चालला.

पुढच्या आठवड्यात टोळीत आलेला एक नवखा गडी दलदलीत रुतला. सगळे पेटीकडे धावले, पण तूफान मागे फिरला. नवख्याला बाहेर ओढताना स्वतःची आवडती ढाल चिखलात गेली, तरी त्याने लिहिलं, 'घाबरू नको दोस्त, इथे सगळेच पडतात.'