एकाच थानातलं शीड

माझी आणि दिनानाथची पहिली भेट म्हणजे सरळसरळ भांडण होतं.

पनवेलला उरण नाक्याजवळ आमचं ताडपत्री आणि कॅनव्हासचं दुकान. आई नव्हती. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला आणि त्यांना दिसेनासं झालं, म्हणून बी.कॉम. होताच मी गल्ल्यावर बसले. कापड मात्र बाबा अजून नुसत्या बोटांनी ओळखायचे, आणि मी ते त्यांच्याकडूनच शिकले होते. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात एक उंच, उन्हानं रापलेला मुलगा दुकानात आला. त्यानं कापडाच्या थानाचं टोक चिमटीत चोळलं आणि बेधडक म्हणाला, "यात भेसळ हाय."

"काय?"

"नायलॉन हाय यात. आमाला शिडाला सुती लागतं. शेठना बोलवा."

माझा पारा चढला. "शेठ जेवतायत. आणि भेसळ तुमच्या डोक्यात असेल, आमच्या थानात नाही!"

मी एक उभा धागा ओढला, एक आडवा, आणि दोन्हींना काडी लावली. नायलॉन असतं तर वितळून कडक मणी झाला असता. इथे कागद जळल्याचा वास आला आणि भुरभुरीत राख पडली. मी विजयी मुद्रेनं त्याच्याकडे पाहिलं... आणि हातातली काडी विसरले.

"आई गं!"

त्यानं झटकन माझा हात धरून कोपऱ्यातल्या माठात बुडवला.

"अहो, ते प्यायचं पाणी आहे!"

"मग? तुमचं बोट काय खारं हाय?"

मला हसू आवरेना. बोटाची आग केव्हाच थांबली होती, हात मात्र त्याच्याच हातात होता.

तो उरणजवळच्या करंज्याचा. मोठ्या भावाबरोबर बोटीवर जायचा. बोटीला इंजिन होतं, पण इंजिन रुसलं तर शीडच घरी आणतं, यावर त्याच्या वडिलांची श्रद्धा होती. आता शीड म्हटलं की सगळं कापड एकाच थानातलं हवं. दोन थानांचं जोडलं तर भिजल्यावर कमीजास्त आकसतं आणि शीड वाकडं ओढतं. हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तरी हा पठ्ठ्या दर खेपेला एकच पट्टी घ्यायचा!

"एकदम का नेत नाही?" मी शेवटी विचारलं.

"एकदम नेलं, तर परत काय सांगून येऊ?"

त्या दिवसापासून मी ते थान मागच्या फळीवर लपवलं. मंडपवाला मागायला आला, तर त्याला "संपलं" म्हणून वाटेला लावलं. खोटं बोलण्यात एवढी गंमत असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाबांचे कान शाबूत होते. एका संध्याकाळी ते म्हणाले, "मुलगा चांगला आहे, कुमुद. पण तू करंज्याला गेलीस, तर मी कुणाचा हात धरून घरी जायचं?"

मी ते जसंच्या तसं दिनानाथला सांगितलं. तो जराही थांबला नाही. "मग मीच येतो इकडं. दुकानात बसतो."

"आणि दर्या?"

"दर्या काय पळून जातो? तू जाशील—"

आणि तो आला. पावसाळ्यात तशाही बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तो सकाळच्या एस.टी.नं ओलाचिंब होऊन यायचा. ताडपत्र्यांचे दिवस, आम्हाला मान वर करायला फुरसत नसायची. घडी घालताना दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या. एकेक घडी पडेल तसे आम्ही जवळ येत जायचो... मग बाबा हमखास खोकायचे! दसऱ्यानंतर साखरपुडा करायचं ठरलं. मी इतकी सुखात होते की देवाकडे मागायला काही सुचत नव्हतं.

मग नारळी पौर्णिमा आली. करंज्याच्या बोटी पाण्यात उतरल्या. दिनानाथ दुकानात होता.

एका दुपारी वारा सुटला आणि दारावर टांगलेली ताडपत्री फडाडली. हातातला कप टाकून तो दोर धरायला धावला. ताडपत्री नीट बांधलेली होती. तो तसाच दोर धरून, पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला.

"वारा फिरला," तो म्हणाला. "आज बोटी लवकर येतील."

परत येऊन त्यानं घडीला हात घातला, तर टोकाला टोक जुळेना.

"आठवण येते ना?"

"नाय."

"दिनानाथ..."

तो खाली बसला. "रात्री पलंग हलत नाय, म्हणून झोप लागत नाय. पण होईल सवय. तुझ्यासाठी होईल."

मला त्या सवयीचीच भीती वाटली. पहिल्या दिवशी दुकान दणाणून सोडणारा तो मुलगा माझ्या डोळ्यांदेखत मुका होत चालला होता, आणि ते माझ्यासाठी होत होतं.

दुसऱ्या दिवशी तो येण्याआधी मी मागच्या फळीवरचं थान उतरवलं. शिडाला लागायच्या उरलेल्या सगळ्या पट्ट्या मापून कापल्या आणि गठ्ठा बांधला.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"तुझं शीड. पुरं आहे. घेऊन जा."

त्याचा चेहरा उतरला. "मला हाकलतेस?"

"हो."

"मग तूच चल ना, कुमुद."

मी काही बोलणार, तेवढ्यात आत बाबा पाण्याचा पेला शोधायला लागले. पेला समोरच होता. त्यांचा हात त्याच्या अलीकडे, पलीकडे चाचपत राहिला. आम्ही दोघं बघत होतो. दिनानाथ आत गेला, पेला त्यांच्या हातात दिला आणि बाहेर आला. पुन्हा त्यानं विचारलं नाही.

"माझा जीव आहे तुझ्यावर," मी म्हणाले. "म्हणून सांगते, जा."

"माझा पण हाय. म्हणून तर बसलो होतो."

त्यानं गठ्ठा खांद्यावर घेतला. उरणची एस.टी. लागलेलीच होती.

दुपारी बाबा गल्ल्याशी आले, तेव्हा थानाचा उरलेला तुकडा माझ्या मांडीवर होता. सवयीनं त्यांनी कापडावर हात फिरवला. बोटं एका जागी थांबली.

"ओलं आहे गं हे. पाऊस आत आला?"

"हो."

बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावरची धूळ दुकानात येत होती. ओलं कापड घडी करायचं नसतं, बुरशी धरते. त्यांनी तो तुकडा माझ्याकडून हळूच काढून घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यांवर नीट पसरला.

"वाळू दे," ते म्हणाले. "तू रड तोवर. गिऱ्हाईक आलं तर मी बघेन."